एका भिंतीचं थिएटर

दामूशेटच्या ड्राइव्ह-इन थिएटरचा नकाशा घेऊन आम्ही पंचायतीत गेलो, तेव्हा सेक्रेटरीने चष्मा कपाळावर सरकवून पहिला प्रश्न विचारला, "छप्पर खंय?"

"छप्पर नाही," मी म्हटलं.

"खुर्च्यो?"

"नाहीत. लोक आपापल्या गाडीत बसून बघणार."

"भिंती?"

"एक आहे."

त्याने नकाशा उभा धरून पाहिला, मग आडवा धरून पाहिला. "एके भिंतीक थिएटर म्हणपाचें जाल्यार म्हज्या घरांत चार थिएटरां आसात," तो म्हणाला आणि कागदावर शिक्का मारला. दामूशेट माझ्याशेजारीच उभे होते. गोव्याच्या आमच्या डिचोली तालुक्यात दामूशेट शेजारी उभे असले की शिक्का सहसा लवकर सापडतो.

मी जन्मभर सिनेमाचा ऑपरेटर. म्हणजे ज्याच्याकडे प्रेक्षक फक्त पिक्चर तुटल्यावर वळून बघतात, तो माणूस. साखळी गावातल्या ज्या थिएटरात माझी हयात गेली, तिथे आता लग्नं लागतात. माझ्या प्रोजेक्टरच्या खोलीच्या जनेलातून हल्ली आचारी पानाच्या पिचकाऱ्या टाकतो. थिएटर बंद झाल्यावर मी घरी बसलो होतो, बायकोला घरकामात सल्ले देत होतो आणि ती ते न ऐकता सुखात होती. अशात दामूशेटचा निरोप आला.

दामूशेट हे एकेकाळी ट्रकवरचे क्लीनर. मग ड्रायव्हर, मग एका ट्रकचे मालक, मग इतक्या ट्रकांचे की शिरगावच्या बाजूला खाणीवर ट्रकांची रांग लागली की पुढच्या ट्रकच्या पाठीवर मागच्याला दामूशेटचंच नाव दिसायचं. खाणी बंद पडल्या तशी त्यांनी ट्रकांची विल्हेवाट लावली. उरली ती एक जमीन, जिथे पूर्वी खनिजाच्या राशी पडायच्या. लाल, सपाट, गवतही न उगवणारी. तिच्याकडे बघून दामूशेट रोज उसासे टाकत आणि त्यांचा पुतण्या विरेश तिच्याकडे बघून स्वप्नं पाही. विरेश परदेशी बोटीवर नोकरीला होता. कोविडात बोट बंद झाली, तो घरी आला आणि आल्यापासून 'एक्स्पीरियन्स' हा शब्द दिवसातून कितीतरी वेळा उच्चारू लागला. लोकांना आता सिनेमा नको, एक्स्पीरियन्स हवा, असं त्याचं म्हणणं. मी म्हटलं, आमच्या साखळीच्या थिएटरात ढेकूण होते, त्याहून मोठा एक्स्पीरियन्स कोणता? त्यावर तो हसला नाही.

ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. ड्राइव्ह-इनमध्ये एक मोठी पांढरी भिंत असते, तोच पडदा. समोर मैदान. मैदानात मातीचे लांब बांध घालतात. गाडीची पुढची चाकं बांधावर चढवली की गाडी नाक वर करून बसते आणि आतल्या माणसाला पुढच्या गाडीच्या टपावरून पडदा दिसतो. आवाजासाठी कर्णे नसतात. एक छोटं यंत्र आवाज रेडिओच्या लहरींवर सोडतं, आपण गाडीतला रेडिओ जुळवायचा आणि काचा बंद करून ऐकायचं. बाहेर उभं राहिलं तर मोठी गंमत असते. भिंतीवर मारामारी चाललेली असते आणि मैदानात रातकिडे ओरडत असतात.

ही कल्पना ज्या देशात निघाली तिथे खनिजाची धूळ नसावी. आमची भिंत पहिल्या आठवड्यात पांढरी होती. दुसऱ्या आठवड्यात नायिका पिकलेल्या काजूच्या बोंडासारखी दिसू लागली आणि महिन्याअखेरीस बर्फातलं गाणं शिरगावच्या खाणीत चित्रित झाल्यासारखं वाटायला लागलं. दर दुपारी टँकरने भिंत धुणं हे माझ्या कामात आपोआप आलं. बायको म्हणाली, घरात कधी एक भिंत पुसली नाही.

दुसरी अडचण म्हणजे लोक. विरेशने मोठमोठ्या गाड्यांचं चित्र काढलेल्या जाहिराती डिचोली, साखळी, म्हापसा, सगळीकडे लावल्या. पहिल्या शोला आले ते स्कूटरवाले. स्कूटरला रेडिओ नसतो. ते हेल्मेट मांडीवर घेऊन मुकाट्याने मूकपट बघत बसले आणि मध्यंतरात मला विचारायला आले, आवाज पुढल्या शोला येणार काय? एक निवृत्त मास्तर तर घरून प्लास्टिकची खुर्ची आणि खिशातला रेडिओ घेऊन चालत आले. खुर्ची त्यांनी बरोबर गाडीसाठी आखलेल्या चौकटीच्या मधोमध ठेवली. विरेश म्हणाला, सर, इथे व्हेइकल लागतं. मास्तर म्हणाले, "व्हेइकल म्हणजे वाहून नेणारं. ही खुर्ची मला गेली वीस वर्षं वाहते आहे." विरेशने त्यांना दुचाकीच्या तिकिटावर आत घेतलं. खुर्चीला चार पाय होते, पण मास्तरांशी वाद कोण घालणार.

आणि मग आले ट्रकवाले.

सदानंद हा मूळचा दोडामार्गाकडचा, दामूशेटचा जुना ड्रायव्हर. खाणी बंद पडल्यावर दामूशेटनी विकलेल्या ट्रकांपैकी एक त्यानेच घेतला होता. ट्रकच्या कपाळावर अजून दामूशेटच्या आईचं, सावित्रीचं, नाव होतं. ते पुसायला सदानंदचा हात धजला नव्हता. खनिज नाही म्हणून तो जांभ्या दगडाचे चिरे वाहायचा. पेडण्याकडे विमानतळ झाल्यापासून कोरगाव, मोरजी, मांद्रे, जिकडे तिकडे बंगले उठत होते. त्यांना चिरे लागत.

एका संध्याकाळी तो माझ्याकडे आला. "ऑपरेटरकाका, आवशीक हाडलंय तर चलात?"

"आण की. विचारतोस काय?"

"तसा नाय. ती पडान खुबो मोडल्यापासना खाटीर आसा. बसाक येणा नाय. थेटरात कदी नेऊक मिळाला नाय. हय झोपान बघूक मिळात काय?"

मला कळेना, झोपून कसं बघणार. दुसऱ्या दिवशी कळलं. सदानंदने ट्रक शेवटच्या रांगेत उलटा लावला, मागची बाजू पडद्याकडे. फाळका उघडला. मग टिपरचा हौदा, ज्यातून आपण माती ओततो तो, पुढून थोडासाच उचलला आणि खाली लाकडाचे ओंडके दिले. आत दोरीने घट्ट बांधलेली खाट, खाटेवर गादी, गादीवर त्याची आई. डोकं वर, पाय पडद्याकडे. वर आकाश, समोर सिनेमा, उशाशी रेडिओ. मी अनेक थिएटरांच्या बाल्कन्या पाहिल्या आहेत. एवढी चांगली बाल्कनी पाहिली नाही.

म्हातारीचं नाव पार्वती. अंगाने काटकी, आवाजाने कर्णा. मी वर चढून विचारलं, "दिसतं का नीट?"

"दिसता मरे. पण तो मिशीवालो माका बरो दिसणा नाय. तो ह्या चेडवाक फसयतलो."

पिक्चर सुरू होऊन पाच मिनिटंही झाली नव्हती. शेवटी मिशीवाल्याने फसवलंच. तेव्हापासून नवा पिक्चर लागला की मध्यंतरात मी तिला जाऊन विचारायचो, पुढे काय होणार. ती बहुतेक वेळा बरोबर सांगायची आणि चुकली तर म्हणायची, शिनेमावाल्यांनी चुकीचं दाखवलं.

सदानंदचं बघून बाकीचे ट्रकवाले आले. बायका, पोरं, शेजारी, भाकरीची गाठोडी. एकेका हौद्यात अख्खी वाडी. शेवटची रांग भरू लागली आणि खरं सांगायचं तर शेवटच्या रांगेनेच थिएटर जगवलं.

पण विरेशला हवा होता तो प्रेक्षकही हळूहळू यायला लागला. पेडण्याच्या नव्या बंगल्यांतले लोक. उंच, काळ्या काचांच्या गाड्या, नंबर दिल्लीचे नाहीतर हरियाणाचे. ते पहिल्या रांगेत गाडी उलटी लावून मागचं दार उघडत. दार उघडलं की ते छपरासारखं वर जातं आणि मागच्या तीन गाड्यांना पडद्याऐवजी दार दिसतं. गार हवेसाठी इंजिन सुरू ठेवत. मधून मधून ब्रेकवर पाय पडला की सगळी भिंत लाल. एकदा कोरगावला बंगला बांधलेले एक साहेब प्रोजेक्टरच्या खोलीत आले आणि म्हणाले, ब्राइटनेस कम कर सकते हो? हमारा डॉगी डर रहा है. मी कुत्र्याला पाहिलं. कुत्रा शांत झोपला होता. साहेबच दचकत असावेत.

याच साहेबांनी विरेशकडे तक्रार केली की मागे ट्रक असतात, ड्रायव्हर बनियनवर लोळतात, सुक्या बांगड्याचा वास येतो, त्यामुळे अँबियन्स बिघडतो. बांगड्याचा वास मलाही यायचा आणि त्याने माझी भूक वाढायची. पण अँबियन्सपुढे भूक काय चीज.

आठवडाभरात फाटकावर पाटी लागली. इंग्रजीत आणि हिंदीत. अवजड वाहनांना प्रवेश बंद. मराठीत नव्हती. बहुधा ज्यांना बंद करायचं त्यांना ती वाचायची गरज नाही, असा हिशेब असावा.

मी दामूशेटकडे गेलो. म्हटलं, "शेट, तुम्ही ट्रकवर मोठे झालात. सदानंदच्या ट्रकवर तुमच्या आईचं नाव आहे. तो ट्रक तुमच्या फाटकातून आत येणार नाही?"

दामूशेट सुपारी कातरू लागले. "विरेश म्हणता, धंद्यात भावना घालची नाय," ते म्हणाले. "तो शिकलोला आसा."

मी परत आलो आणि भिंत धुतली.

सदानंद मात्र थांबला नाही. आमच्या मैदानाच्या एका अंगाला उंचावरून रस्ता जातो. तिथून भिंत पूर्ण दिसते, आणि आमच्या आवाजाच्या लहरी काही विरेशचं कुंपण ओळखत नव्हत्या. पुढच्या शनिवारी पाहतो तर रस्त्याकडेला चार ट्रक उलटे उभे. हौदे कललेले. बंदीमुळे एकच फरक पडला होता, त्यांना तिकीट लागत नव्हतं. विरेशने मला आवाजाचं यंत्र मंद करायला सांगितलं. मंद केलं तर आपल्याच कडेच्या गाड्या बहिऱ्या होतात, हे त्यालाही माहीत होतं. मग त्याने कुंपणाला हिरवी जाळी लावली. ट्रकवाल्यांनी हौद्याखाली आणखी एक ओंडका घातला.

असे आठ-दहा शनिवार गेले. आणि मग तो अवकाळी पावसाचा दिवस उजाडला.

काजूला मोहर होता. कुणाच्या ध्यानीमनी पाऊस नव्हता. त्या दिवशी मैदान काळ्या काचांच्या गाड्यांनी भरलं होतं. विरेशने पहिल्यांदाच 'हाउसफुल' लिहिलेला फळा बाहेर काढला होता आणि फाटकाशी उभा राहून त्याचा फोटो काढत होता. मध्यंतर व्हायच्या बेतात असताना वारा सुटला आणि नळ सोडावा तसा पाऊस कोसळला. मी झटकन पिक्चर थांबवला, यंत्रावर ताडपत्री घातली आणि जनेल लावून घेतलं.

पाऊस अर्ध्या तासात थांबला. पण आमचे बांध घातले होते ते खाणीच्या टाकाऊ मातीचे. ती माती कोरडी असताना विटेसारखी आणि ओली झाली की तूप. लोकांनी घरी जायला गाड्या सुरू केल्या. पहिली बांधावरून घसरली आणि दुसरीच्या कुशीत गेली. तिसरीने जोर लावला, तशी तिची चाकं जागच्या जागी फिरत मातीत उतरत गेली. जितका जोर, तितकी खोल. थोड्याच वेळात पहिल्या दोन रांगा पोटापर्यंत बसल्या. गुलाबी चिखलात महागड्या गाड्या म्हशींसारख्या डुंबत होत्या. एक बाई उतरल्या, त्यांची चप्पल मातीतच राहिली. कोरगावचे साहेब विरेशला विचारत होते, ड्रेनेज नहीं है क्या. विरेश डिचोलीच्या क्रेनवाल्याला फोन लावत होता. क्रेनवाला म्हणाला, सकाळी येतो.

दामूशेट त्या दिवशी योगायोगाने आले होते. त्यांनी चिखलाकडे पाहिलं, मग वर रस्त्याकडे पाहिलं. तिथे ताडपत्र्या पांघरून चारही ट्रक तसेच उभे होते, पाऊस गेला म्हणून बायका ताडपत्र्या झटकत होत्या. दामूशेट धोतर वर खोचून चढण चढू लागले. मी बॅटरी घेऊन मागे गेलो.

सदानंद ट्रकच्या पायरीवर बसला होता. दामूशेटना पाहून उठून उभा राहिला.

"सदानंदा," दामूशेट म्हणाले, "गाड्यो रुतल्यो. साखळी आसा मरे तुझ्याकडे?"

"आसा, शेट."

"मग चल. फाटक उघडतां."

सदानंद काही बोलायच्या आत हौद्यातून आवाज आला. "कोण ता? दामू?"

डिचोलीत दामूशेटना नुसतं दामू म्हणणारं माणूस मी त्या आधी ऐकलं नव्हतं. "होय, आये," ते म्हणाले.

"शिनेमा खय थांबलो?"

मला वाटलं, प्रश्न मला आहे. "मध्यंतराला, पार्वतीबाय."

"मगे अर्दो रवलो. तो पुरो दाखय. पुरो झालो काय माजो झील सगळ्यांका ओढून काडतलो."

"आये, लोक अडकलेत थय," दामूशेट म्हणाले.

"माका खाटीर पडान किती वर्सां झाली? तेंका एक तास जड झालो?"

 ट्रकच्या कपाळावर दामूशेटच्या आईचं नाव होतं, बॅटरीचा उजेड नेमका त्यावर पडला होता. तो मी मुद्दाम पाडला नव्हता, पण हलवलाही नाही. मग ते माझ्याकडे वळले. "यंत्र भिजलां?"

"नाही."

"मग लाव."

मी खाली येऊन ताडपत्री काढली आणि पिक्चर सुरू केला. धुऊन निघालेली भिंत त्या दिवशी इतकी स्वच्छ होती की मी जन्मभरात दाखवलेल्या चांगल्या खेळांत तो धरतो. चिखलातल्या गाड्यांत लोक बसून राहिले, दुसरं करणार काय? कुणीतरी एकदा हॉर्न वाजवला.  थोड्या वेळाने बघतो, तर चप्पल हरवलेल्या बाई काच खाली करून हसत होत्या. पिक्चर विनोदी होता, हे तोवर कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

पिक्चर संपल्यावर फाटक उघडलं. ट्रकवाल्यांनी कडेच्या कडक जमिनीवर ट्रक उभे करून साखळ्या टाकल्या आणि एकेक गाडी ओढून काढली. चिडवाचिडवी नाही, टोमणा नाही. कोरगावचे साहेब मात्र, धीरे, बम्पर संभालके, असं ओरडत होते. सदानंदने त्यांची गाडी रस्त्यावर नेऊन सोडली आणि काच खाली करायला लावून म्हणाला, "साब, आपके बंगले का चिरा मैंने ही डाला है. पिछवाडे का कोना थोडा कच्चा है, देख लेना." साहेबांनी काच वर केली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी इंटरनेटवर आमच्याविषयी लिहिलं. चिखल, अव्यवस्था, आणि जबरदस्तीने सिनेमा दाखवतात. शेवटच्या आरोपाचा मला अभिमान आहे.

पाटी दामूशेटनी स्वतः उपटली. विरेश चिडून मोपाला, नव्या विमानतळाच्या बाजूला, कॅफे काढायला गेला. तिथे म्हणे छप्पर आहे. पुढच्या मोसमात मैदानात ट्रकच ट्रक. स्कूटरवाल्यांसाठी मी बाजारातून छोटे रेडिओ आणून ठेवले. मास्तर खुर्ची घेऊन येत राहिले. एवढं माणसांनी भरलेलं थिएटर मी साखळी सोडल्यापासून पाहिलं नव्हतं.

आणि मग ज्याची सगळा तालुका इतकी वर्षं वाट बघत होता, ते झालं. खाणी सुरू होणार अशी बातमी आली. साखळीच्या बाजारात फटाके वाजले. ट्रकवाल्यांनी ट्रकांना हार घातले. दामूशेटच्या जमिनीला परत किंमत आली, तिथे परत खनिजाच्या राशी पडणार होत्या. मला कुणी जा म्हणालं नाही. दामूशेट एवढंच म्हणाले, "ऑपरेटर, यंत्र काडून सुकें ठेव." मी त्याच दुपारी काढलं. खाण बंद असली तर माणसं उपाशी असतात आणि सिनेमा बघायला मोकळी असतात. खाण सुरू झाली की पोट भरतं, आणि सिनेमाला वेळ नसतो. यात चूक कोणाची, हे मला आजही ठरवता येत नाही.

मैदानात पहिली रास ओतली ती सदानंदच्या ट्रकने. पाळीच तशी आली. ओतून झाल्यावर तो खाली उतरला, भिंतीकडे न बघता माझ्याकडे आला आणि म्हणाला, "काका, माजो विलाज नाय."

"माहीत आहे रे," मी म्हटलं. राशी आता भिंतीच्या अर्ध्यावर आल्या आहेत.

गेल्या महिन्यात साखळीला सदानंदच्या खोलीवर गेलो होतो. पैसे बरे मिळतात, त्याने आईच्या खाटेसमोर मोठा टीव्ही लावला आहे. पार्वतीबाय टीव्हीकडे पाठ करून पडली होती. म्हणाली, ह्येच्यात वारो नाय.

मग मला विचारलं, "ऑपरेटर, फुडलो खेळ कदी?"

"त्या मातीच्या राशी हलल्या की."

"म्हणजे खाणी परत बंद पडल्यार."

"हो."

"मगे नको," ती लगेच म्हणाली. "झिलाचो रोजगार चलांदे."

सदानंद चहा आणायला आत गेला. स्टोव्ह पेटल्याचा आवाज येईपर्यंत ती थांबली. मग मान माझ्याकडे वळवून हळूच म्हणाली, "दोन-चार दिस बंद पडल्यो तर चलात."